इटलीत हिवाळ्यात गाडीनं: सरोवरं, घाट आणि चारच्या आत मुक्काम

जानेवारीच्या सुरुवातीला उत्तर इटलीत आठच्या सुमारास उजाडतं आणि पाचच्या आत सूर्य मावळलेला असतो. दरीतल्या गावांत डोंगर आडवा येतो, तिथे तीनलाच ऊन जातं. आणि ऊन गेलं की दिवसभर वितळून रस्त्यावर आलेलं पाणी पुन्हा गोठायला लागतं. म्हणून या सहलीबद्दल कोणी विचारलं की मी आधी एकच नियम सांगते: चारच्या आत मुक्काम. हॉटेलं, मार्ग, जेवणाच्या वेळा, सगळं याच्याभोवती बसवायचं.

ही सहल मी दोनदा केली. दोन्ही वेळा बरोबर आई आणि दादा, आणि स्टिअरिंगवर बहुतेक मीच. पहिल्या खेपेला हा नियम आमच्याकडे नव्हता. वाल्तेल्लिनाच्या दरीत जेवण लांबलं आणि पोन्ते दि लेन्यो हे गाव मागे टाकून तोनालेचा घाट चढायला लागलो तेव्हा पाच वाजून गेले होते. पहिली काही वळणं रस्ता काळा होता, मग एका वळणानंतर एकदम पांढरा. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या भाड्याच्या गाडीबरोबर मिळालेल्या, डिकीत होत्या, पण ती पिशवी आम्ही एकदाही उघडली नव्हती. मोबाइलच्या उजेडात उघडली, तर साखळी टायरवर बसेचना. टायर होता २०५/५५ आर १६, आणि पिशवीवर छापलेल्या मापांच्या यादीत ते माप नव्हतंच. दादाची बोटं पाच मिनिटांत बधिर झाली. तेवढ्यात खालून बर्फ काढणारा ट्रक आला. चालकानं खिडकीतून आमची चाकं पाहिली, हात गोल फिरवून खाली जायची खूण केली आणि आम्ही गाडी वळवेपर्यंत मागे दिवे लावून थांबून राहिला. रात्र पोन्ते दि लेन्योत, मिळेल त्या खोलीत काढली. सकाळी चहाचा कप हातात धरून आई एवढंच म्हणाली, "यापुढे उजेडातच चालवायचं हं." नियम तिचा आहे.

गाडी ताब्यात घेताना

१५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात इटलीच्या डोंगराळ भागातल्या बहुतेक रस्त्यांवर आणि कित्येक महामार्गांवर हिवाळी टायर लावलेले असणं किंवा गाडीत साखळ्या असणं बंधनकारक असतं. "किंवा" या शब्दावर जाऊ नका. टायर हिवाळीच मागा. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह कोरलेलं असतं, ते काउंटर सोडण्याआधी चारही चाकांवर बोटानं चाचपून बघा. नुसतं "एम अधिक एस" (चिखल आणि बर्फ) हे चिन्ह कायद्याला चालतं, पण चढावरच्या ओल्या बर्फात मला त्याचा भरवसा नाही.

साखळ्याही घ्याच. टायरवरचं माप आणि साखळीच्या पिशवीवरचं माप तिथेच जुळवून बघा. आणि पहिल्या मुक्कामी, कोरड्या पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी एकदा साखळी चढवून परत काढा. आम्ही दुसऱ्या खेपेला पहिल्या मुक्कामी, कोमो या सरोवरकाठच्या शहरात, हेच केलं. पहिलं चाक पंचवीस मिनिटं, दुसरं आठ. क्रम असा: साखळी चाकामागून सरकवायची, आतली कडी वरच्या बाजूला अडकवायची, मग बाहेरची, मग ताणाची दोरी ओढून पक्की करायची. शंभरेक मीटर गाडी पुढे नेऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायची. हा दुसऱ्यांदा ताण देणं लोक विसरतात, मग साखळी चाकाच्या कमानीवर आपटत राहते. साखळ्या इंजिनाची ताकद जाते त्या चाकांना लावायच्या, लहान गाड्यांत बहुतेक पुढच्या. त्या लावल्यावर वेग ५० च्या आत, आणि रस्ता काळा दिसायला लागला की लगेच काढायच्या.

डिकीत आणखी काय हवं? रबरी हातमोजे, कारण लोकरीचे क्षणात भिजतात. गुडघ्याखाली टाकायला जुनी प्लास्टिकची चटई. डोक्याला बांधायची बॅटरी. काच खरवडायची पट्टी. आणि काच धुण्याचं न गोठणारं पाणी, पाच लिटरचा कॅन. या शेवटच्या वस्तूचं महत्त्व मला तिकडे जाऊन कळलं. रस्त्यांवर मीठ टाकलेलं असतं, पुढचा ट्रक ते खारं पाणी उडवतो आणि काचेवर पांढरी साय धरते. समोरून ऊन आलं की काहीच दिसत नाही. दिवसाला लिटरभर पाणी सहज लागतं. साधं पाणी भरलंत तर ते नळीतच गोठेल.

चालवताना जाड जाकीट काढून ठेवा. पट्टा अंगाला नीट बसत नाही आणि खांदे जखडतात. रात्री उभी करताना गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कवर, कारण कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक आखडू शकतो. डिझेल गाडी असेल तर टाकी डोंगरात पोहोचल्यावर भरा. तिथल्या पंपांवर थंडीत घट्ट न होणारं डिझेल मिळतं, मैदानातल्याचा तसा भरवसा नसतो. पंपावर "गाझोलिओ" म्हणजे डिझेल आणि "बेन्झिना" म्हणजे पेट्रोल. गॅस वाटून गोंधळू नका.

कागद: आपला मूळ परवाना आणि आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं. गाडीत परावर्तक जाकीट आणि त्रिकोण आहे ना, तेही बघून घ्या.

दंड कुठे बसतो

जुन्या शहरांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचे विभाग असतात. पांढऱ्या पाटीवर लाल गोल कडा, खाली "झोना त्राफ्फिको लिमितातो". कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो, वर गाडी कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. प्रकाशपाटीवर "वार्को आत्तीवो" लिहिलं असेल तर विभाग चालू आहे, आत जायचं नाही. हॉटेल आतल्या भागात असेल तर त्यांना आधी कळवून नंबर नोंदवून घ्या. सोपा उपाय म्हणजे हॉटेल बाहेरच घेणं. पार्किंगच्या निळ्या रेघा पैशांच्या, पांढऱ्या फुकटच्या, पिवळ्या तुमच्यासाठी नव्हेत.

टोलनाक्यावर टेलेपासच्या, म्हणजे यंत्रानं आपोआप टोल भरणाऱ्या गाड्यांच्या पिवळ्या मार्गिकेत शिरायचं नाही. चुकून शिरलात तर मागे येऊ नका, मदतीचं बटण दाबा. मालपेन्सा विमानतळावरून कोमोकडे येताना नकाशा तुम्हाला बहुधा ए ३६ या पेडेमोंताना महामार्गावर घालेल. त्याला नाकाच नाही. कॅमेरा नंबर घेतो आणि पैसे आपण १५ दिवसांत ऑनलाइन भरायचे. पहिल्याच रात्री भरून टाका.

वेग महामार्गावर १३०, पाऊस किंवा बर्फ पडत असेल तर ११०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ९०, गावात ५०. गावाबाहेर दिवसाही दिवे लावायचे. अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या की उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची.

कोमो: गाडी उभी करा

विमानातून उतरल्यावर फक्त कोमोपर्यंत, पन्नासेक किलोमीटर. जुन्या शहराच्या तटबंदीबाहेर गाडी लावा आणि दुसऱ्या दिवशी तिला हात लावू नका. ब्रुनातेला नेणारी उतारावरची रेल्वे १८९४ पासून चालते आणि काही मिनिटांत सरोवर पायाखाली आणून ठेवते. पश्चिम किनाऱ्याचा रस्ता इतका अरुंद आहे की बस आली की आरसे मिटावे लागतात. तो बसनंच करा.

हिवाळ्यात इथे काय बंद असतं ते आधी स्वीकारा. विल्ला कार्लोत्ता आणि बाल्बियानेल्लो या बागांच्या हवेल्या बंद, बेल्लाजोतली निम्मी दुकानं बंद, बोटी मोजक्या. पण वारेन्ना, बेल्लाजो, मेनाज्जो आणि कादेनाब्बिया या काठावरच्या गावांना जोडणारी गाड्यांची फेरीबोट वर्षभर चालते. डेकवर त्या दिवशी आम्ही तिघं आणि एक भाजीची व्हॅन. चारशे मीटरहून खोल पाणी, वर ग्रिन्या डोंगराच्या माथ्यावर बर्फ, आणि सगळीकडे इतकी शांतता की इंजिन बंद झाल्यावर आईनं आवाज खाली आणला.

मुक्कामाचा किनारा उन्हावरून निवडा. त्रेमेझ्झोच्या बाजूला सकाळचं ऊन, वारेन्नाला दुपारचं. मी वारेन्ना निवडते, कारण चारला पोहोचून पाण्याकाठच्या वाटेवर शेवटचं ऊन मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी कोलिकोकडे जायला पूर्व किनाऱ्याचा बोगद्यांचा वेगवान रस्ता हाताशी असतो.

वाल्तेल्लिना आणि तोनाले

कोलिकोहून आद्दा नदीच्या दरीत पूर्वेला वळायचं. उजव्या हाताचे डोंगर सावलीत पांढरे, डाव्या हाताचे उन्हात आणि पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षांचे मळे. सोन्द्रियोला गाड्यांची रांग लागते, अर्धा तास जास्तीचा धरा.

तेल्यो हे गाव पित्सोक्केरीसाठी ओळखलं जातं. कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, त्यात बटाटा आणि कोबी, वर कासेरा चीज, आणि शेवटी लसूण घालून तापवलेलं लोणी. मांस नसतं, पोट भरतं, आणि थंडीत यासारखं दुसरं काही नाही. फक्त साडेबाराला जाऊन बसा. दोन वाजता स्वयंपाकघर बंद होतं, आणि तिथून थेट घाटाकडे निघणार असाल तर एक वाजता गेल्यास तो माझ्यासारखा अंधारात येईल.

रात्र तिरानोत. दुसरा दिवस पुन्हा गाडीविना, बेर्निनाच्या लाल रेल्वेनं. ४२९ मीटरवरून निघून ती २२५३ मीटरवर जाते, दातेरी रुळांशिवाय. या मार्गाला २००८ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. मोठ्या काचांच्या पर्यटक गाडीचं आरक्षण करायची गरज नाही. त्याच रुळांवरून साधी गाडी जाते, स्वस्त पडते आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. वर स्वित्झर्लंड आहे, पासपोर्ट बरोबर ठेवा.

मग तोनाले. नकाशावर उत्तरेचा स्तेल्व्यो घाट मोहात पाडतो, पण २७५७ मीटरचा तो घाट हिवाळाभर बंद असतो. दक्षिणेचा गावियाही बंद. अप्रिकावरून एदोलो आणि तिथून १८८३ मीटरचा तोनाले हा वर्षभर चालू ठेवतात. घाटाच्या पायथ्याशी पाटी असते: हिरव्यात "आपेर्तो" म्हणजे उघडा, लालमध्ये "कियूझो" म्हणजे बंद. आदल्या रात्री आणि सकाळी निघताना माथ्यावरचा वेबकॅमही बघा. नऊला निघा. दुसऱ्या खेपेला साडेअकराला आम्ही माथ्यावर होतो, ऊन कडक, रस्ता कोरडा. पहिल्या महायुद्धात ही खिंड आघाडीवर होती. त्यातल्या सैनिकांच्या अस्थी जपणारं स्मारक माथ्यावरच आहे. आई तिथे बराच वेळ हात जोडून उभी होती.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, गिअर खाली घ्या. सावलीतली वळणं आणि पूल यांवर डांबर ओलं दिसलं तरी तो बर्फाचा पापुद्रा आहे असंच समजा. त्यावर आल्यावर ब्रेक नाही, झटक्यात स्टिअरिंग नाही, पाय उचलून गाडीला जाऊ द्या. सावधगिरी पापुद्र्याच्या आधी घ्यायची असते, वर चढल्यावर फार काही आपल्या हातात राहत नाही.

बोल्झानो ते कोर्तिना

बोल्झानोपासून गावांना दोन नावं, एक इटालियन आणि एक जर्मन. बोल्झानो म्हणजेच बोत्सेन, ब्रेस्सानोने म्हणजेच ब्रिक्सेन, दोब्बियाको म्हणजेच तोब्लाख. दोन्ही लिहून घ्या, नाहीतर महामार्गाचा फाटा चुकतो. बोल्झानोत १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेल्या ओत्झीचं संग्रहालय आहे. पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा तो माणूस उणे ६ अंशांच्या खोलीत ठेवला आहे आणि छोट्या खिडकीतून बघायचा. नाताळची बाजारपेठ ६ जानेवारीला संपते, आणि ती सोडून द्यायची तयारी असेल तर ७ जानेवारीनंतरचे दोन आठवडे हॉटेलांच्या दरासाठी सगळ्यात चांगले.

इथून कानाझेई गावावरून पोर्दोईसारख्या उंच घाटांनी कोर्तिनाला जाता येतं, पण बर्फाच्या दिवशी ते कधीही बंद होतात. मी ए २२ महामार्गानं ब्रेस्सानोनेपर्यंत आणि तिथून पुस्तेरियाच्या रुंद दरीनं दोब्बियाकोला जाते. लांब आहे, पण जवळजवळ नेहमी उघडं. शनिवार टाळा. स्कीइंगच्या आठवड्याची माणसं त्या दिवशी बदलतात आणि हा रस्ता तुंबतो. कानेदेर्ली हे शिळ्या पावाचे गोळे इथे सगळीकडे मिळतात. शाकाहारींनी पालकाचे किंवा चीजचे मागावेत आणि "अल बुर्रो", म्हणजे लोण्यातले सांगावेत, कारण रश्श्यातले बहुधा मांसाच्या पाण्यात असतात.

ब्राइएसचं सरोवर १४९६ मीटरवर आहे. साडेआठला पोहोचा. आम्ही पोहोचलो तेव्हा आवारात दोनच गाड्या होत्या. सरोवर पूर्ण गोठलेलं, वर हातभर बर्फ, समोर भिंतीसारखा उभा डोंगर. वरच्या कड्यावर ऊन उतरायला लागलं तसा तळ्यातून आवाज आला. आधी दूर कुठेतरी तंबोऱ्याची जाड तार छेडावी तसा, मग तो आवाज पायाखालून सरकत पलीकडच्या काठाला गेला. थंडीउन्हानं बर्फाची चादर ताणली-सैलावली की असा नाद होतो. आईनं माझा दंड घट्ट धरला. आम्ही वीस मिनिटं तिथे उभे होतो, तो नाद सहा-सात वेळा आला, एकदाही तसाच नाही. दहानंतर गर्दी आली आणि तो पुन्हा ऐकू आला नाही.

त्या बर्फावर पाऊल टाकू नका. धोक्याच्या पाट्या आहेत, तरी लोक जातात, आणि बर्फ फुटून पर्यटक गोठत्या पाण्यात पडलेले आहेत. काठावरून सगळं दिसतं.

दोब्बियाकोहून कोर्तिनाला चिमाबांकेच्या सौम्य खिंडीनं जा. हवा स्वच्छ असेल तरच मिझुरिना आणि त्रे क्रोचीचा, १८०५ मीटरचा वळसा घ्या. १९५६ आणि २०२६, दोन हिवाळी ऑलिंपिकं पाहिलेल्या कोर्तिनात खोल्या महाग, म्हणून मी दोब्बियाकोलाच राहते. मात्र सूर्यास्ताला कोर्तिनाच्या चौकात असावं असं वाटतं, कारण तेव्हा कडे गुलाबी, मग जांभळे होतात. इथल्या लादिन भाषेत त्याला एन्रोझादिरा म्हणतात. तो बघायचा तर त्या एका रात्रीचे पैसे कोर्तिनालाच मोजा. बघून अंधारात परत फिरायचं नाही.

खाली, धुक्यात

कोर्तिनाहून दक्षिणेला उतरताना लोंगारोनेपाशी डावीकडे अरुंद घळीत एक उंच काँक्रीटची भिंत दिसते. वायोंतचं धरण. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री डोंगराचा कडा जलाशयात कोसळला, पाणी धरणावरून उसळलं आणि सुमारे दोन हजार माणसं गेली. भिंत अजून उभी आहे. गाडी लावा, पाच मिनिटं थांबा.

पुढे ए २७ आणि ए ४ महामार्गांनी गार्डा सरोवर. हा एकच दिवस लांब आहे, सकाळी लवकर निघा. मैदानात बर्फ नाही, पण धुकं आहे, आणि मला घाटापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते. पाचशे मीटर स्वच्छ आणि मग एकदम दुधाची भिंत. मागचा धुक्याचा दिवा कोणत्या बटणाचा हे गाडी घेतानाच शोधून ठेवा, दृश्यता पन्नास मीटरच्या खाली गेली की लावा, धुकं सरलं की बंद करा. ट्रकच्या मागच्या दिव्याला चिकटून चालवू नका. सुटत नसेल तर पुढच्या विश्रांतिस्थानावर कॉफी घ्या, अकरापर्यंत बहुतेकदा विरळ होतं.

गार्डा इटलीतलं सगळ्यात मोठं सरोवर, आणि त्या पाण्याच्या उबेनं काठावर जानेवारीतही ऑलिव्ह हिरवे असतात. आठ दिवस पांढरं बघितल्यावर डोळ्यांना ते बरं वाटतं. पश्चिम किनाऱ्याचा गार्देसाना रस्ता १९३१ चा, बोगदेच बोगदे. त्याआधी लिमोने या गावाला बोटीनं किंवा डोंगरवाटेनंच जाता यायचं. तिथल्या उतारावर दगडी खांबांच्या रांगा दिसतात. पूर्वी थंडीत त्यांवर लाकडी फळ्या आणि काचा चढवून लिंबाची झाडं जपत. सिर्म्योनेत किल्ल्याच्या अलीकडेच गाडी लावा, पुढे कॅमेरे आहेत.

गार्डाहून मालपेन्सा दीडशे किलोमीटरच्या वर आहे. विमान दुपारच्या आधीचं असेल तर शेवटची रात्र विमानतळाजवळच काढा, सकाळच्या धुक्यावर विमान टांगू नका. गाडी परत देण्याआधी ती धुऊन घ्या, कारण मिठाच्या थराखाली ओरखडा आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मग चारही बाजूंचे, काचेचे, चाकांचे आणि पेट्रोलच्या काट्याचे फोटो काढा. आणि परतताना पुन्हा पेडेमोंतानावरून आला असाल तर तोही टोल त्याच दिवशी भरा.